चौथ्या मशीनचं उत्तर

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. हे जिच्यावर ओढवलं ती माझी सख्खी नणंद, विदाद. तेव्हा ती आमच्याच घरात राहायची, तुनिसच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या स्फाक्स शहरात, सोकरा रोडवर चौथ्या किलोमीटरला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन मला सगळं सांगायची. तिच्या तोंडून ऐकलं तसंच लिहितेय.

तारीख पक्की आठवते. २०१९ सालचा रमजान, अकरावा रोजा. वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारच.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या रमजानातली दुपार बघावी. दुकानांची शटरं खाली. खिडक्यांचे निळे पल्ले बंद. अख्खं गाव आत निपचित पडलेलं. चालणाऱ्याला आपल्याच चपलांचा आवाज नकोसा होतो.

विदाद इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी बसली होती. शिपाईसुद्धा घरी झोपायला गेला होता.

तिचं संशोधन माहिती साठवण्यावर होतं. मी कणीक मळत असले की ती मला समजावून सांगायची.

"वहिनी, समज, तुझी सगळी कागदपत्रं एकाच कपाटात आहेत. कपाट जळलं की संपलं. म्हणून आम्ही तीच माहिती चार मशीनवर ठेवतो, चार ठिकाणी. एक जळलं तरी तीन उरतात."

"आणि त्यातलं एखादं खोटं बोललं तर?" मी आपलं गमतीनं विचारलं.

ती हसायची थांबली.

"तेच तर माझं काम आहे गं."

बंद पडलेलं मशीन परवडतं, ती म्हणायची. फितूर झालेलं परवडत नाही. ते एकाला एक सांगतं, दुसऱ्याला दुसरं. पण चारांतलं एकच फितूर असेल तर उरलेली तीन आपापसांत विचारपूस करून त्याला ओळखतात आणि बाहेर काढतात. एकट्या फितुराला काही करता येत नाही. हे तत्त्व जुनंच. पण चाराच्या जागी चार हजार मशीनं आली तरी न अडखळणारी पद्धत विदादनं बसवली होती. तिनं आणि अन्वरनं.

अन्वर तिचा दूधभाऊ.

विदादच्या जन्मानंतर माझ्या सासूबाई तापानं फणफणल्या होत्या, चार महिने अंथरुणावर. तेव्हा शेजारच्या हल्लूमानं आपल्या अन्वरबरोबर हिलाही पाजलं. त्यामुळं, आमच्या रिवाजानं, ती दोघं कायमची बहीणभाऊ झाली. एका खोलीत दिवसभर बसली तरी कुणी भुवई उंचावायचं नाही. पुढं हल्लूमा आपल्या बेटावर, केरकेनाला, राहायला गेली. पोरं मात्र एकाच कॉलेजात शिकली आणि एकाच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागली.

आदल्या सप्टेंबरात अन्वर बुडाला.

वाऱ्यामुळं बेटावरची मोठी फेरीबोट बंद होती. तो वडिलांची छोटी होडी घेऊन स्फाक्सला निघाला. होडी उलटी सापडली. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

विदाद महिनाभर घरात कुणाशी बोलली नाही.

चौथं मशीन अन्वरच्या खोलीत होतं, बेटावर. सगळी एकाच गावात नकोत म्हणून मुद्दाम तिथं ठेवलेलं. तो गेल्यावरही ते रोज उत्तर देत राहिलं. हल्लूमानं बंद केलं नसेल, असं विदादनं धरलं. विचारायचा धीर तिला झाला नाही.

"त्याचा दिवा लागल्यासारखं वाटतं गं," ती मला म्हणाली होती.

तर, त्या दुपारी.

ती रोजच्यासारखे प्रश्न पाठवत होती. आहेस का? शेवटची नोंद काय? प्रश्न कधी गेला आणि उत्तर कधी आलं, ते तिच्या पडद्यावर उमटत होतं.

पहिलं मशीन, तिच्याच टेबलाखालचं. उत्तर आलं.

दुसरं, सरांच्या खोलीतलं. आलं.

तिसरं, महदियाच्या कॉलेजातलं. आलं.

चौथं...

चौथ्याचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं.

प्रश्न गेला तीन वाजून सात मिनिटं बारा सेकंदांनी. उत्तर आलं होतं तीन वाजून सात मिनिटं नऊ सेकंदांनी.

तिला वाटलं, घड्याळ चुकलं. दूरच्या मशीनांची घड्याळं मागंपुढं होतातच. मग तिच्या लक्षात आलं... या दोन्ही वेळा तिच्याच टेबलावरच्या घड्याळातल्या होत्या.

तिनं हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. काहीच विचारलं नाही. नुसती बघत बसली.

पंख्याची घरघर.

बाहेर कुठं तरी पत्रा वाजला.

पडद्यावर ओळ उमटली. चौथ्याकडून.

'सगळं ठीक.'

का कोण जाणे, तिला सहा वर्षांपूर्वीची पहिली नोंद आठवली. मशीनं जोडली त्या दिवशी चाचणी म्हणून अन्वरनं लिहिलेली. ती नोंद हवी, असं तिच्या नुसतं मनात आलं. बोट हललं नव्हतं.

ओळ उमटली...

'विदादला चहा करता येत नाही.'

ती घाबरली नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. ती रडली, ते आनंदानं. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "आहेस ना रे तू?"

घरी आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मी इफ्तारसाठी ब्रीक, अंडं भरलेल्या पातळ घड्या, तळत होते. तिनं मागून येऊन मला मिठी मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. सी मोकदाद म्हणतात त्यांना सगळे, 'सी' म्हणजे श्रीयुत. पोरीसारखं वागवायचे विदादला. ईदनंतर तिचा प्रबंध परीक्षकांपुढं यायचा होता, आणि पाठोपाठ कॉलेजातली जागाही तिचीच, असं जवळजवळ ठरलेलं.

ती गेली तेव्हा ते खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"सिगारेट नाही, कॉफी नाही, आणि सकाळी सकाळी हे," ते म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा आधी तूच बघ. मग मला सांग, मी वेडा की तू."

पडद्यावर चार ओळी होत्या. तीन हिरव्या, एक लाल.

लाल ओळ एक नंबरची होती. तिच्या मशीनची.

'एक नंबर फितूर. बाहेर काढला.'

"हे कुणी ठरवलं?"

"तुझ्याच पद्धतीनं. दोन, तीन आणि चार, तिघांचं एकमत. रात्रीपासून तुझी एकही नोंद आत घेत नाहीत. सहा वर्षांची मोजमापं, सगळी खोटी ठरवली."

"पण सुरुवात कुणी केली?"

सी मोकदादनी दाढी खाजवली. मग जुन्या नोंदी उघडल्या.

चौथ्या मशीननं केली होती. काल दुपारी, तीन वाजून सात मिनिटांनी. ज्या क्षणी ते तिला 'सगळं ठीक' म्हणालं, त्याच क्षणी त्यानं बाकीच्या दोघांना कळवलं होतं... 'एक नंबरचं ऐकू नका. एक खोटं बोलतो.'

विदाद मागं मागं वाचत गेली.

ही एकट्या कालची गोष्ट नव्हती. सप्टेंबरपासून रोज. तिला रोज, सगळं ठीक. तिच्यामागं बाकीच्यांना रोज, तिचं ऐकू नका.

आठ महिने ज्याला ती दिवा समजत होती...

"सर, चार नंबर फितूर आहे. उघड आहे ना! मला एक सांगतोय, तुम्हाला दुसरं."

"असेल." सी मोकदाद खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "पण तूच मला तीन वर्षं फळ्यावर शिकवलंस ना, एकट्या फितुराला हे जमत नाही म्हणून? चारांत एकच खोटा असेल तर खऱ्याला बाहेर काढताच येत नाही. हे व्हायला दोघं खोटे हवेत, पोरी. दुसरा कोण, ते शोध. नाहीतर मी परीक्षकांना काय तोंड दाखवू?"

ती उठली. दाराशी पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, "विदाद... सांगणार नव्हतो. पण आता लपवण्यात अर्थ नाही. बुडायच्या आदल्या आठवड्यात अन्वर माझ्याकडे आला होता."

"कशाला?"

"म्हणाला, विदादची मोजमापं बनावट आहेत. म्हणाला, पुरावा आणून दाखवतो. मी त्याला हाकलून दिलं. म्हटलं, बहिणीबद्दल असं बोलतोस, लाज वाटत नाही? दोघं भांडलात का कशावरून?"

"नाही," विदाद म्हणाली. "त्या आठवड्यात तर रोज जेवायला होता आमच्याकडे."

ते खरं आहे. होता. खारवलेल्या मासळीबरोबरची कांदा-मनुकांची शरमूला आम्ही ईदलाच करतो, ती ईद नसताना माझ्याकडून मागून घेऊन खाल्ली होती त्यानं. हिच्या शेजारी बसून. हिला हसवत.

त्याच दुपारी ती फेरीबोटीनं बेटावर गेली. चार नंबर स्वतःच्या हातानं बंद करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. समुद्र सपाट होता. बोटीवर रोजेदार माणसं सावलीला मान टाकून झोपली होती. तिला मात्र सारखं वाटत होतं, आपल्या मागच्या बाकावर कुणीतरी जागं आहे. वळून बघितलं की सगळे झोपलेले.

अल-अतायाला पोचली तेव्हा इफ्तारला थोडाच वेळ उरला होता. गल्लीत चिटपाखरू नाही. फक्त घराघरांतून शोरब्याचा वास, आणि भांड्यांचे आवाज.

तिनं दार वाजवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. हातभर. फटीत हल्लूमा उभी होती. दूधआईच ती. एरवी गल्लीच्या टोकापासून हाका मारत येणारी, गालांचे पापे घेऊन जीव नकोसा करणारी.

ती तिथंच उभी राहिली. दाराला हात लावून.

"अम्मी, मी आहे. विदाद."

"दिसतंय गं पोरी."

"आत येऊ ना?"

हल्लूमानं मागं बघितलं. मग खाली.

"येऊ नकोस."

"काय?"

"मी काय करू? तोच म्हणतो. रोज म्हणतो, विदाद आली तर घरात घेऊ नकोस." म्हातारीचे डोळे भरले होते. "का म्हणून विचारलं, तर बोलत नाही. तुला माझं दूध पाजलंय मी. माझं मेलं काळीज तुटतंय, पण लेक म्हणतो..."

"कोण लेक, अम्मी? अन्वर गेलाय. आपण दोघींनी बघितलाय त्याला."

"ते मला माहीत आहे," हल्लूमा शांतपणे म्हणाली. "मी वेडी नाही."

विदाद म्हणाली, "मला फक्त मशीन बंद करू दे. त्याच्या खोलीतलं. दोन मिनिटं. बटण दाबते आणि जाते."

"कुठलं मशीन?"

"खोलीतलं. काळा डबा. तू चालू ठेवलंयस ना?"

"त्याची वायर मी चाळिसाव्यालाच कापली, बाई. घरघर सोसवेना. त्या खोलीत आता दिवासुद्धा लागत नाही. आणि डबा नुसता पोकळ आहे. आतल्या पट्ट्या तर तो बुडाला त्याच दिवशी सकाळी त्यानं काढल्या."

"कुठल्या पट्ट्या?"

"त्याच, ज्यांच्यावर सगळं लिहिलेलं असतं म्हणायचा. टॉवेलात गुंडाळल्या, निळ्या पिशवीत घातल्या. म्हणाला, सी मोकदादना दाखवायच्यात. होडीत घेऊन गेला. तो सापडला, पिशवी कुठं सापडली?"

डिस्क.

डिस्क समुद्राच्या तळाशी होत्या. सप्टेंबरपासून.

मग ती पहिली नोंद... ती कुठून आली होती?

आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

टक. टक टक टक. टक.

बंद खोलीच्या दारामागून. कीबोर्डवर बोटं चालावीत तसा. दोन बोटांनीच टाइप करायचा अन्वर. विदादनं सहा वर्षं शेजारी बसून ऐकलेला आवाज. झोपेतही ओळखला असता.

तिनं हल्लूमाकडे बघितलं. हल्लूमा आतल्या दाराकडे बघत होती. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

टक टक. टक.

आवाज थांबला...

अजान झाली.

हल्लूमा आत गेली. परत आली तेव्हा हातात खजूर होता आणि पाण्याचा पेला. तिनं दोन्ही फटीतून बाहेर धरलं.

"रोजा सोड. उपाशी पाठवणार नाही तुला."

विदादनं परक्या माणसासारखा उंबऱ्याबाहेर उभं राहून रोजा सोडला. जिच्या अंगावर ती वाढली, तिच्या दारात. पेला परत दिला तसं दार लागलं. आतून कडी सरकल्याचं तिनं ऐकलं.

त्या दाराला कधी कडी लावलेली तिनं पाहिली नव्हती.

शेवटच्या बोटीनं ती परतली. मला हे सांगताना तिला हुंदका आवरेना. "भुताची भीती नाही वाटली गं वहिनी. पण मी त्याचं काय केलं होतं? तोंडावर हसायचा, आणि मागून... आणि अम्मीसुद्धा!"

दुसऱ्या दिवशी तिनं चार नंबरचं नाव यादीतून खोडून टाकलं. मशीन नाही, डिस्क नाही, आता नावही नाही.

तासाभरानं दोन आणि तीन नंबरनं निकाल दिला. 'एक नंबर फितूर. तिघांचं एकमत.'

तिघं. यादीत तर तिच्यासकट तीनच उरले होते.

तिनं पुन्हा खोडलं. पुन्हा तेच. सी मोकदादनी स्वतः बघितलं, महदियाच्या लोकांनी बघितलं. शेवटी सगळं पुसून टाकायचं ठरलं. प्रबंध रद्द झाला. जागा दुसऱ्या कुणाला गेली. सी मोकदाद बोलायचे पूर्वीसारखेच, पण तिच्या आकड्यांची वही घेतली की आधी एक पान मुकाट्यानं पुन्हा तपासायचे. ते तिला फार लागलं. तीन वर्षं खपून तिनं सगळं नव्यानं उभं केलं, तुनिसला, नव्या माणसांबरोबर, नव्या मशीनांवर. आता शिकवते तिथं. अन्वरचं नाव घेत नाही.

इथंच संपवलं असतं मी.

पण गेल्या महिन्यात हल्लूमाचा मला फोन आला. आवाज खूप खोल गेला होता. तब्येतीचं बोलणं झालं. मग म्हणाली, "सल्वा, त्यानं सांगितलं गं. का ते."

"कुणी?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"तो म्हणतो, होडीत विदाद होती त्याच्याबरोबर."

मी हात लांबवून गॅस बंद केला.

"म्हणतो, किनाऱ्यावर ती वाट बघत थांबली होती. पिशवी मागत होती."

"हल्लूमा, तो... तो विदादला एक सांगायचा, बाकीच्यांना दुसरं. त्याचं काय खरं धरायचं?"

"ते मी आई होऊन कसं सांगू?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अन्वर बुडाला त्या दिवशी विदाद दिवसभर कॉलेजात होती. तिनंच सांगितलं होतं. मीही सगळ्यांना तेच सांगत आले. पण आता मी झोपायला गेले की मला गच्चीवरचे तिचे बूट दिसतात. वाळत टाकलेले. आत वर्तमानपत्र कोंबलेलं. ते त्याच दिवशी होते, की नंतर कधी, की दुसऱ्याच वर्षी? सप्टेंबरात पाऊसही असतो. पाऊसच असेल.

नवऱ्याला विचारायचं धाडस होत नाही. त्याची बहीण आहे.

परवा शुक्रवारी ती तुनिसहून आली होती. कुस्कुस केला होता. पोटभर जेवली, मुलांशी खेळली, भांडी पुसायला माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "हल्लूमाचा फोन येतो का गं कधी?"

"नाही," मी म्हणाले.

ती हातातली बशी पुसत राहिली. पुसून झाली होती, तरी.

"बरं झालं," ती म्हणाली.